वेल्डिंगची ज्योत शिल्पकाराच्या हाती आली तेव्हा

आजचा धातुशिल्पकार जमिनीवर पत्रे, सळया, भंगारातले तुकडे मांडतो, हलवून पाहतो, टॅक मारून तात्पुरते जोडतो आणि पटले नाही तर कापून पुन्हा सुरुवात करतो. ही पद्धत जेमतेम शंभर वर्षांची आहे. त्याआधी हजारो वर्षे धातुशिल्प मुख्यतः ओतकामातून होई. कलावंत मेणात आकार घडवी, त्यावर मातीचा साचा चढे, मेण वितळून निघून जाई आणि त्या पोकळीत कासे ओतले जाई. मोहेंजोदडोची साडेदहा सेंटिमीटरची नर्तकी याच रीतीने झाली. ओतकामात शिल्पाचा निर्णय भट्टी पेटण्याआधीच झालेला असतो. धातू शेवटी येतो, आणि पुष्कळदा तो ओतणारा कारागीरही वेगळा असतो.

हे बदलले ते कारखान्यातून आलेल्या हत्यारामुळे. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत फ्रान्समध्ये ऑक्सिजन-ॲसिटिलीनची टॉर्च वापरात आली. तिची ज्योत ३,००० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि लोखंड १,५३८ अंशांना वितळते. म्हणजे भट्टीशिवाय, हव्या त्या जागी, लोखंडाला लोखंड जोडता येऊ लागले.

ही ज्योत शिल्पात आणणाऱ्यांपैकी एक, हुलिओ गोन्सालेस, १८७६ मध्ये बार्सिलोनात धातुकाम करणाऱ्या घरात जन्मला. हातात घडाईचे कसब होते, पण त्याला व्हायचे होते चित्रकार. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, तो पॅरिसजवळच्या रेनोच्या कारखान्यात वेल्डिंग शिकला. हे ज्ञान जवळजवळ दहा वर्षे तसेच पडून राहिले. १९२८ मध्ये पिकासोला लोखंडात काम करायचे होते, पण जोडकाम येत नव्हते. त्याने या जुन्या मित्राला बोलावले. पिकासोने १९१४ मध्ये पत्रा आणि तारेची गिटार केली होती, त्यामुळे पोकळीलाच आकार मानण्याची दृष्टी त्याच्याकडे होती. दोघांच्या कामातून स्वयंपाकघरातल्या चाळण्या आणि स्प्रिंगा जोडून केलेले स्त्रीचे मस्तक उभे राहिले. श्रेय सहसा पिकासोला मिळते. मला ते अर्धेच वाटते, कारण गोन्सालेसच्या हाताशिवाय त्या कल्पना कागदावरच राहिल्या असत्या. शिवाय पन्नाशी ओलांडलेला गोन्सालेस याच काळात खऱ्या अर्थाने शिल्पकार झाला. अवकाशात रेखाटन करणे, असे तो स्वतःच्या कामाविषयी म्हणे. बारीक सळयांची त्याची शिल्पे पाहिली की चित्रकार होण्याची ती जुनी ओढ वाया गेली नाही हे दिसते.

या कामांची छायाचित्रे एका फ्रेंच नियतकालिकातून अमेरिकेत डेव्हिड स्मिथने पाहिली. तोही शिकत होता चित्रकला. मात्र १९२५ च्या उन्हाळ्यात त्याने स्टुडबेकर मोटारींच्या कारखान्यात काम केलेले होते. १९३३ मध्ये त्याने पहिली वेल्ड केलेली शिल्पे केली, तीही ब्रुकलिनच्या धक्क्याजवळच्या लोहारकामाच्या कारखान्यात जागा मिळण्याच्या आधी. दुसऱ्या महायुद्धात तो रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात वेल्डर होता. कामाचा त्याचा झपाटा विलक्षण होता. १९६२ मध्ये इटलीत व्होल्त्री येथे बंद कारखान्यातले जुने लोखंड वापरून त्याने ३० दिवसांत २७ शिल्पे उभी केली; अपेक्षा एक-दोनचीच होती. स्टेनलेस स्टीलच्या ‘क्यूबी’ मालिकेत त्याने पृष्ठभागावर ग्राइंडर मुद्दाम वेडावाकडा फिरवला, आणि त्या ओरखड्यांमुळे ऊन फुटून पसरते.

स्मिथला १९५९ मध्ये भेटून परतलेल्या अँथनी कॅरो या इंग्रज शिल्पकाराने लंडनमध्ये माती सोडून पोलादाच्या तुळया हाती घेतल्या. त्याने त्या रंगवल्या, चौथरा काढून टाकला आणि शिल्प थेट जमिनीवर ठेवले.