नॉरईस्टर: अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं हिमवादळ, त्याचा अंदाज आणि तयारी

नॉरईस्टर म्हणजे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला साधारण सप्टेंबर ते एप्रिलमध्ये समुद्राकडून झोडपणारं मोठं वादळ, ज्यात किनाऱ्यावर ईशान्येचा वारा असतो. थंडीत हेच वादळ बर्फ घेऊन आलं की ब्लिझर्ड होऊ शकतं, पण नुसता ढीगभर बर्फ पडला म्हणून ब्लिझर्ड होत नाही. तिथल्या नॅशनल वेदर सर्व्हिसच्या हिशोबाने निदान ३ तास ताशी ५६ किमी किंवा जास्त वेगाचा वारा किंवा वारंवार तेवढे झोत पाहिजेत, आणि बर्फामुळे ४०० मीटरच्या पलीकडचं दिसता कामा नये. बर्फ किती इंच पडला याची अटच नाही त्यात.

हे होतं कसं? हिवाळ्यात किनाऱ्याच्या एका बाजूला गोठलेली जमीन आणि दुसऱ्या बाजूला गल्फ स्ट्रीम या सागरी प्रवाहाचं कोमट पाणी असतं, वरून जेट स्ट्रीमचा (खूप उंचावरून वाहणाऱ्या वेगवान वाऱ्यांच्या पट्ट्याचा) एखादा खोल बाक आला की नॉर्थ कॅरोलायनाच्या केप हॅटरासच्या आसपास कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं आणि ते किनारा धरून वर सरकतं. कॅनडातल्या क्विबेककडे थंड हवेचा जास्त दाब ठाण मांडून बसलेला असेल तर थंडी हटत नाही आणि पावसाऐवजी बर्फ पडतो. कधी कधी केंद्रातला हवेचा दाब २४ तासांत साधारण २४ मिलीबारने कोसळतो, त्याला हवामानवाले बॉम्ब म्हणतात. १९४६ मध्ये मिलर नावाच्या शास्त्रज्ञाने या वादळांचे दोन प्रकार पाडले: ए प्रकारात एकच केंद्र दक्षिणेतून वर येतं, बी प्रकारात एक केंद्र अॅपलाचियन डोंगरांच्या पलीकडे विरतं आणि दुसरं समुद्रावर नव्याने जन्मतं. बी म्हणजे अंदाज करणाऱ्यांची डोकेदुखी, कारण जे केंद्र अजून जन्मलंच नाही त्याची जागा आधी सांगायची असते.

आणि जागेवरच सगळं ठरतं. ४० अंश उत्तर, ७० अंश पश्चिम या समुद्रातल्या बिंदूजवळून केंद्र गेलं तर बोस्टनला जोरदार बर्फ, जास्त आत आलं तर किनाऱ्यावर पाऊस आणि आतल्या गावांत बर्फ, जास्त बाहेर गेलं तर शहरं कोरडी. म्हणजे वादळ येणार हे आठवडाभर आधी कळू शकतं (मार्च १९९३ चं महावादळ साधारण ५ दिवस आधी सांगितलं होतं, त्या काळात ही मोठीच मजल होती), पण तुमच्या गल्लीत किती पडणार हे आदल्या दिवशीही छातीठोकपणे सांगता येत नाही. जमिनीवर शून्याखाली तापमान असलं तरी दीड किलोमीटर वर कोमट हवेचा थर घुसला की बर्फाची गारगोळी नाहीतर गोठणारा पाऊस होतो. शिवाय १ इंच पाण्याचा १० इंच बर्फ हा नुसता ठोकताळा, ओला जड बर्फ ५-६ इंचच भरतो आणि भुसभुशीत असेल तर १५-२० इंचांपर्यंत जातो. त्यात रडारवर दिसणारे बर्फाचे पट्टे असतात, एखाद्या पट्ट्याखाली तासाला २ ते ४ इंच पडतो आणि थोड्या अंतरावर नुसती भुरभुर.

या अनिश्चिततेची दोन टोकं बघायची तर १९७८ आणि २०१५ बघा. फेब्रुवारी १९७८ मध्ये बोस्टनला इशारा मिळालेला होता, पण सोमवारी सकाळी बर्फ सांगितलेल्या वेळी सुरूच झाला नाही, लोक म्हणाले हे नेहमीचंच, आणि कामावर गेले. मग तो आला आणि दुपारी सगळे एकदमच घरी निघाले. रूट १२८ या हायवेवर हजारो गाड्या जागच्या जागी गाडल्या गेल्या, काही माणसं बंद गाडीत इंजिन चालू ठेवून बसली आणि कार्बन मोनॉक्साइडने गेली. बोस्टन गार्डनमध्ये हॉकीचा सामना बघायला गेलेले काही प्रेक्षक तिथेच अडकून पडले. शहरात २७.१ इंच बर्फ, वर भरतीमागून भरती किनारा फोडत राहिली, रेव्हियर, हल, सिच्युएटमधली घरं वाहून गेली. गव्हर्नर मायकल डुकाकिस यांनी खासगी गाड्यांवरच बंदी घातली.

जानेवारी २०१५ मध्ये उलटं झालं. हवामानाचा अंदाज काढणारं युरोपियन संगणकीय मॉडेल न्यूयॉर्कवर प्रचंड बर्फ दाखवत होतं, अमेरिकन मॉडेल केंद्र पूर्वेला ढकलत होतं, अंदाज युरोपियनकडे झुकला आणि २० ते ३० इंचांची भाषा झाली. गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांनी सबवेसुद्धा बंद केली, बर्फासाठी हे पहिल्यांदाच. सेंट्रल पार्कात पडला ९.८ इंच. फिलाडेल्फियात एखाद-दोन इंच. पण थोडं पूर्वेला लाँग आयलंडच्या आयस्लिपला जवळपास २५ इंच आणि बोस्टनला २४.६, म्हणजे वादळ खरं होतं, फक्त कडेची रेघ चुकली. फिलाडेल्फियाचा भाग बघणाऱ्या वेदर सर्व्हिस ऑफिसचे प्रमुख गॅरी स्झाटकोव्स्की यांनी ट्विटरवर जाहीर माफी मागितली, हे कौतुकास्पदच. मार्च २०१७ मध्ये मात्र आकडा खाली येतोय हे दिसत असूनही लोकांचा गोंधळ नको म्हणून इशारा तसाच ठेवला गेला, न्यूयॉर्कला पडला ७.६ इंच. आता एकाच आकड्यासोबत कमी पडला तर किती आणि जास्त पडला तर किती असेही नकाशे देतात, पण टीव्हीवर बहुतेक वेळा जास्तवालाच झळकतो.

तयारी इशाऱ्यांच्या पायऱ्यांनी चालते. साधारण दोन-तीन दिवस आधी वॉच, म्हणजे शक्यता आहे, मग वॉर्निंग, म्हणजे आता धरूनच चाला. विमान कंपन्या आधीच फ्लाइट रद्द करतात. रस्त्यांवर आधी मिठाचं पाणी मारतात, मग मीठ, पण थंडी उणे ९-१० च्या खाली गेली की साधं मीठ फारसं काम करत नाही आणि कॅल्शियम क्लोराइड लागतं. न्यूयॉर्कमध्ये कचऱ्याच्या ट्रकलाच पुढे बर्फ ढकलायचं पातं जोडतात, रस्ते साफ करायचं काम तिथे सफाई खात्याचंच.

घरच्या तयारीत दुकानातले ब्रेड, दूध आणि अंडी सगळ्यात आधी संपतात, यावर तिथे दरवर्षी विनोद होतात. न्यू जर्सीच्या एडिसनकडच्या आपल्या मंडळींच्या घरी कणीक, डाळ-तांदूळ असतात म्हणून ती निवांत, पण इलेक्ट्रिक शेगडी असेल तर वीज गेली की कणकेचं करायचं काय हा प्रश्न उरतोच, आणि ओला बर्फ झाडांच्या फांद्यांसकट तारा पाडतो त्यामुळे वीज जातेच. तेव्हा न शिजवता खाता येईल असं काही, पाणी, औषधं, टॉर्च, चार्ज केलेले फोन एवढं हवंच. बार्बेक्यूची कोळशाची शेगडी घरात पेटवायची नाही, जनरेटर घरापासून लांब ठेवायचा, घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचं धुराडं भिंतीतून बाहेर निघत असेल तर त्याच्या तोंडावरचा बर्फ बाजूला करत राहायचं, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. नळ बारीक चालू ठेवला तर पाइप गोठून फुटण्याची शक्यता कमी होते. किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी बर्फाआधी भरतीचं वेळापत्रक बघावं, वादळ रेंगाळलं तर प्रत्येक भरतीला पाणी चढतं.

वादळ गेल्यावरही माणसं मरतात, बरीचशी फावड्याने बर्फ उपसताना हार्ट अटॅकने. थोडा थोडा उपसा, थांबत थांबत, छातीत दुखलं तर सोडून द्या. गाडी सुरू करायच्या आधी मागचा सायलेन्सर मोकळा आहे का बघा. साऊथ बोस्टनमध्ये स्वतः खणून काढलेल्या पार्किंगच्या जागेवर लोक खुर्ची, पिंप, जे हाताला लागेल ते ठेवतात, आणि शहराने बर्फासाठी लावलेली आणीबाणी उठल्यावर ४८ तास ते चालवून घेतलं जातं, त्यानंतर म्युनिसिपालिटीची माणसं येऊन खुर्च्या उचलून नेतात.