नाव खोटं, हाड खरं

एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसमध्ये सराईत चोराचं सर्वांत भरवशाचं हत्यार होतं खोटं नाव. शतकाच्या शेवटाकडे वीस लाखांवर वस्ती झालेल्या त्या शहरात कोण कुणाला ओळखणार? शिक्षा भोगून सुटलेला माणूस पुन्हा सापडला की नवं नाव सांगे, आणि पहिलाच गुन्हा समजून न्यायालय त्याला थोडक्यात सोडे.

पूर्वी गुन्हेगाराच्या खांद्यावर तापल्या लोखंडाने अक्षरं डागत. १८३२ मध्ये ही अमानुष चाल बंद झाली, ती व्हायलाच हवी होती. पण ओळखीची खूणही तिच्याबरोबर गेली. पुढे मे १८७१ मध्ये, कम्यूनच्या, म्हणजे शहराचा ताबा घेतलेल्या बंडखोर सरकारच्या, शेवटच्या धुमश्चक्रीत, शहराच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या दुसऱ्या प्रतींसकट जळाल्या. ‘मी पॅरिसचाच’ म्हणणाऱ्याचा जन्म पडताळायचा तरी कुठे? पोलिसांकडे फोटोंचा ढीग होता, पण तो लावलेला नावानुसार!

१८७९ मध्ये आल्फाँस बर्तियाँ पोलीस खात्यात कारकून म्हणून लागला. वडील डॉक्टर आणि संख्याशास्त्रज्ञ, त्यामुळे मापं आणि आकडे घरचेच. विशीनंतर हाडांची लांबी जवळजवळ बदलत नाही, हे त्याने धरलं. डोक्याची लांबी-रुंदी, डाव्या हाताचं मधलं बोट, डावं पाऊल अशी ११ मापं ठरली. डावी बाजू अशासाठी, की कष्टाच्या कामाने उजवा हात जास्त बदलतो.

मला त्याची खरी करामत कार्डं लावण्यात दिसते. प्रत्येक मापाचे तीन गट: लहान, मध्यम, मोठं. डोक्याच्या लांबीने तीन कप्पे, रुंदीने नऊ, बोटाने सत्तावीस. अकराव्या मापापर्यंत १,७७,१४७! आता नाव विचारायचं कारणच नाही. मापं घ्यायची आणि त्या कप्प्यातली मोजकी कार्डं चाळायची. फेब्रुवारी १८८३ मध्ये ‘द्युपाँ’ म्हणवणाऱ्या एकाची मापं मार्तँ नावाच्या कार्डाशी जुळली. १८८४ मध्ये असे २४१ जण ओळखले गेले. १८८५ च्या कायद्याने अशा अट्टल गुन्हेगारांना समुद्रापार, फ्रेंच गयानासारख्या वसाहतींत कायमचं धाडायला सुरुवात झाली. मिलिमीटरच्या फरकावर आता माणसाचं उरलेलं आयुष्य ठरू लागलं.

आणि मिलिमीटर चुकत. दोन कारकून एकच डोकं वेगवेगळं मोजत, वाढत्या वयाच्या पोरांना तर ही पद्धत लागूच पडेना. म्हणून पुढे कार्डांवर बोटांचे ठसेही आले. ऑक्टोबर १९०२ मध्ये एका खुनाच्या जागी, कपाटाच्या फुटलेल्या काचेवर ठसे मिळाले. गुन्हेगाराचं कार्ड दप्तरात होतंच, पण दप्तर हाडांच्या मापांनुसार लावलेलं. कार्डं एकेक करून तपासावी लागली, तेव्हा तो सापडला.