एकच डबा, सगळी काडतुसं : एका जुन्या हट्टाची पार्श्वभूमी

सोलापुरात ‘दारू’ म्हटलं की आधी खुलासा करावा लागतो : पिण्याची नव्हे, उडवायची. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम होतं. शेवटचा बार उडाल्यावरही धूर बराच वेळ खाली रेंगाळतो आणि गंधकाचा वास स्वेटरमध्ये बसून घरापर्यंत येतो. तो धूर लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माझा पुतण्या अमेरिकेत असतो. तिथे बरेच जण करतात तसं तोही झाडलेल्या काडतुसांच्या पितळी नळ्या जपून ठेवतो आणि घरीच पुन्हा भरतो. या उद्योगाला रिलोडिंग म्हणतात. त्याच्याकडे तीन हत्यारं आणि तिघांची काडतुसं वेगवेगळी. मागच्या सुट्टीत म्हणाला, “काका, तिन्हींना चालेल अशी एकच दारू कोणती, यावर तिकडे माणसं हमरीतुमरीवर येतात.” मला हसू आलं. आपल्या भुईकोट किल्ल्यावरच्या गोलंदाजाला हा प्रश्न पडलाच नसता.

त्याच्याकडे दारू एकाच जातीची होती. सोरा, गंधक आणि कोळसा, त्यात सोऱ्याचा वाटा सर्वांत मोठा. जुन्या वस्तीच्या मातीवर, भिंतींवर जो पांढरा लोणा फुटतो, त्याच जातीच्या मातीतून सोरा काढत. बिहारचा सोरा तर थेट युरोपात जाई. काम बदललं की मिश्रण नव्हे, दाणा बदलायचा : तोफेला जाड, बंदुकीला बारीक आणि तोफेच्या कानात घालायच्या रंजकेला अगदी पिठूळ. जाड दाणा सावकाश जळतो, बारीक झटकन. मे १८१८ मध्ये इंग्रज सेनानी मन्रोने सोलापूरचा किल्ला घेतला तेव्हा आतल्या आणि बाहेरच्या तोफांत मुळात हेच तीन जिन्नस होते.

सोरा-गंधक-कोळशाच्या या काळ्या दारूचा आणखी एक गुण होता, तो म्हणजे तिची जागा ठरलेली असे. १८७३ साली कोल्टच्या रिव्हॉल्व्हरसाठी पॉइंट ४५ चं, म्हणजे साधारण ०.४५ इंच जाडीच्या गोळीचं, काडतूस आलं. त्यात ४० ग्रेन काळी दारू मावे. ग्रेन म्हणजे सराफाच्या गुंजेच्या साधारण निम्मं वजन. नळी काठोकाठ भरायची, वर गोळी दाबून बसवायची, संपलं. चुकून दुप्पट दारू घालायची म्हटलं तरी जागा नव्हती. पुन्हा भरता येणारं पितळी काडतूसही याच सुमाराला रुळलं. पितळाच्या बुडातली, दारू पेटवणारी टोपी काढायला सोपी ठेवली ती बॉक्सर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने, आणि त्याची पद्धत अमेरिकेने उचलली. अमेरिकन बर्डनची अवघड पद्धत मात्र युरोपात गेली. माणसं आपल्या घरचं सोडून शेजारचं उचलतात, त्यातला प्रकार.

मग आला कापूस, आणि इथे सोलापूरकराने कान टवकारावेत. स्वित्झर्लंडातल्या बाझलच्या शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने १८४६ मध्ये कापसावर आम्लांची प्रक्रिया करून स्फोटक कापूस केला. दिसायला साधा कापूस, पण जळताना जवळपास धूरच नाही. काळ्या दारूचा निम्म्याहून जास्त भाग धूर आणि काजळी होऊन मागे राहतो, होम मैदानावर रेंगाळतो तो हाच. कापसाचं मागे काही उरत नव्हतं. अडचण एवढीच की तो ऐकत नव्हता. पुढच्याच वर्षी इंग्लंडातल्या फॅव्हरशॅमचा कारखाना उडाला, माणसं गेली आणि बरीच वर्षं कुणी त्या वाटेला गेलं नाही. १८७७ मध्ये सोलापुरात पहिली कापडगिरणी उभी राहिली, आपली जुनी गिरणी, तोवर बंदुकीत काळी दारूच होती.

१८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएयने त्या कापसाची लगदी करून चिवट पापुद्रे केले. आता जळण्याचा वेग हातात आला. (त्याच साली आपल्याकडे स्फोटकांचा कायदा झाला. योगायोगच.) नोबेलची बॅलिस्टाइट १८८७ ची, इंग्रजांची कॉर्डाइट १८८९ ची, दोन्ही अशाच धूरविरहित दारू. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच निलगिरीत अरुवनकाडूला कॉर्डाइटचा कारखाना निघाला.

पुतण्याचं भांडण इथून सुरू होतं. धूरविरहित दारूला ‘एक मिश्रण, अनेक दाणे’ हा हिशेब पुरेना. प्रत्येक दारूचा स्वभाव निराळा. आखूड बॅरलच्या पिस्तुलात हलकी गोळी असेल तर झटकन जळणारी हवी, नाहीतर गोळी बाहेर पडली तरी दारू जळतेच आहे असं होतं. जड गोळी आणि मोठं काडतूस असेल तर सावकाश जळणारी हवी, नाहीतर दाब एकदम चढतो आणि हत्यार फुटतं. लॅफ्लिन अँड रँड कंपनीने १८९८ मध्ये चपळ ‘बुल्सआय’ आणली आणि दोनच वर्षांनी मधल्या वेगाची ‘युनिक’. पुढे या धंद्यातली ड्यूपाँट कंपनीची मक्तेदारी मोडायचा निकाल १९११ मध्ये लागला, त्या वाटणीत या दोन्ही हर्क्युलिस या नव्या कंपनीकडे गेल्या. १९३३ मध्ये ऑल्सेन नावाच्या रसायनतज्ज्ञाने गोल मण्यांची दारू काढली. ती दारू मोजून टाकायच्या मापातून पाण्यासारखी वाहते. दारूंचा पसारा वाढत गेला तशी ‘सगळ्यांना चालणारी एक’ ही हौसही वाढत गेली.

या शर्यतीत सव्वाशे वर्षांची ‘युनिक’ अजून टिकून आहे. पुतण्याने तिचा फोटो दाखवला : राजगिऱ्याच्या लाह्या चपट्या कराव्यात तशा राखाडी चकत्या. मापातून नीट पडत नाहीत, अडकतात, हातात थोडं कमीजास्त येतं, म्हणून वैताग. पण त्या फुगीर असल्याने दाट दारूपेक्षा नळीत जास्त जागा व्यापतात. धूरविरहित दारूत खरी भीती दुबार भरण्याची. दाट, बारीक दारू तळाशी पडून राहते, लक्ष चुकलं की तिच्यावर दुसरा घाणा पडतो आणि वरून पत्ता लागत नाही. म्हणूनच तिकडे डब्याइतकंच, कोणत्या काडतुसात किती दारू हे सांगणारं कारखान्याचं तक्ता-पुस्तक महत्त्वाचं मानतात. माझ्या मते मधल्या दारूची खरी लायकी इथे आहे. ती कशातच पहिली येत नाही, पण तिन्ही काडतुसांत पास होते.

आपल्याकडे हा वाद रंगायला जागा नाही. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. परवानाधारकाच्या रिव्हॉल्व्हरचं नेहमीचं माप पॉइंट ३२, तेही १८९६ चं, काळ्या दारूच्याच काळातलं. नेमबाजीत २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल या प्रकारात आजही हेच काडतूस वापरतात. जसपाल राणाने हिरोशिमाच्या १९९४ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं ते याच प्रकारात.

रिकामी नळीसुद्धा विमानातून आणू नकोस, असं मी पुतण्याला बजावलं होतं. त्याने परत गेल्यावर दुसरा फोटो पाठवला. दारू भरलेली, पण गोळी न बसवलेली पॉइंट ४५ ची नळी, वरून टॉर्च मारलेला. तळाशी राखाडी चकत्यांचा थर आणि त्याच्यावर निम्म्याहून जास्त पितळ रिकामं. ४० ग्रेन काळी दारू मावायची ती जागा.