सलामीचा सामना कोण जिंकणार? अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधल्या अंदाजाचं गणित

३० ऑगस्ट २०२५ रोजी टॅलाहासी इथे फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या संघाने अलाबामाला ३१-१७ असं हरवलं. अलाबामाचा क्रमांक तेव्हा देशात आठवा होता आणि तो संघ सुमारे १३ गुणांनी जिंकेल असा सट्टाबाजाराचा कौल होता. फ्लोरिडा स्टेटने आदल्या मोसमात १२ पैकी फक्त २ सामने जिंकले होते. या निकालानंतर अलाबामाचं पर्व संपलं आणि फ्लोरिडा स्टेटचं सुरू झालं, अशी चर्चा आठवडाभर रंगली. मोसम संपला तेव्हा अलाबामा प्ले-ऑफ (विजेतेपदाची बाद फेरी) खेळून बाहेर पडली होती आणि फ्लोरिडा स्टेटच्या खात्यात ५ विजय, ७ पराभव होते.

सट्टाबाजाराचा कौल सामन्यापुरता चुकला, पण दोन्ही संघांच्या ताकदीबद्दल तो बराचसा बरोबर होता. हे एकाच वेळी कसं शक्य आहे, ते समजलं की सलामीच्या सामन्याचा अंदाज बांधण्यातली बहुतेक कोडी सुटतात.

अमेरिकन फुटबॉलमध्ये कॉलेज संघाच्या नियमित मोसमात साधारण १२ सामने असतात, म्हणजे आठवड्याला जेमतेम एक. ऑगस्टअखेरीस किंवा सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी मोसम उघडतो आणि त्याआधी दुसऱ्या कुठल्याही संघाशी सराव सामना होत नाही. व्यावसायिक एनएफएलचे संघ मोसमाआधी तीन सराव सामने खेळतात, क्रिकेट संघही दौऱ्याच्या सुरुवातीला एखादा खेळून घेतो. कॉलेजचा संघ मात्र जानेवारीपासून फक्त स्वतःशीच खेळलेला असतो. नव्या क्वार्टरबॅकसमोर, म्हणजे आक्रमण चालवणाऱ्या आणि पास फेकणाऱ्या खेळाडूसमोर, परका बचाव पहिल्यांदा उभा राहतो, तो थेट हजारो प्रेक्षकांसमोर. त्यामुळे सलामीच्या अंदाजासाठी हाती असलेली जवळजवळ सगळी माहिती गेल्या वर्षीची असते, आणि संघ मात्र या वर्षीचा.

मग सुरुवात कुठून करायची? गेल्या वर्षीच्या जय-पराजयाच्या आकड्यावरून तर नक्कीच नाही. १२ सामन्यांत दोन-तीन निकाल एखाद्या उसळलेल्या चेंडूवर फिरतात. त्यापेक्षा केलेले गुण आणि दिलेले गुण जास्त खरं सांगतात. त्यासाठी एक सोपं सूत्र वापरतात: केलेल्या गुणांना दिलेल्या गुणांनी भागायचं, उत्तराचा २.३७ वा घात घ्यायचा, आणि त्या संख्येला ‘ती संख्या अधिक एक’ने भागायचं. मिळतं ते विजयाचं अपेक्षित प्रमाण. समजा, एका संघाने मोसमात ३६० गुण केले आणि ३०० दिले. गुणोत्तर १.२, त्याचा घात सुमारे १.५४, आणि १.५४ भागिले २.५४ म्हणजे ०.६१. बारा सामन्यांत सव्वासात विजय. हाच संघ प्रत्यक्षात ९ सामने जिंकला असेल, तर दीड-पावणेदोन विजय नशिबाच्या खात्यातले आहेत आणि यंदा ते पुन्हा मिळतीलच असं धरता येत नाही.

नशिबाचा आणखी एक मोठा वाटा फंबलमध्ये, म्हणजे हातातून सुटलेल्या चेंडूत, असतो. चेंडू हातातून सुटायला लावणं हे कौशल्य आहे, पण जमिनीवर पडलेला लंबगोल चेंडू कोणाच्या हाती लागेल, हे जवळपास नाणेफेकीसारखं असतं. एक टर्नओव्हर, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या ताब्यात जाणं, साधारण ४ ते ५ गुणांचा फरक पाडतो. गेल्या वर्षी सुटलेले चेंडू एखाद्या संघाच्याच पदरात पडत राहिले असतील, तर त्याचा गुणफरक फुगलेला आहे असं समजून तो थोडा कमी करावा. अटीतटीच्या सामन्यांचंही असंच. आठ गुणांच्या आतले जवळपास सगळे सामने जिंकणारा संघ पुढच्या वर्षी सहसा निम्म्याच्या आसपास येतो.

टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाचा २०२२ चा संघ याचं ठळक उदाहरण आहे. नियमित मोसमात १२ पैकी १२ विजय, पण त्यात ओक्लाहोमा स्टेटवर दोन जादा डावांनंतर ४३-४०, बेलरवर शेवटच्या क्षणी मारलेल्या किकवर २९-२८ असे निकाल होते. मिशिगनला ५१-४५ हरवून हा संघ अंतिम फेरीत पोहोचला आणि तिथे जॉर्जियाने त्याला ६५-७ असं चिरडलं. पुढच्या मोसमाच्या पहिल्याच दिवशी, २ सप्टेंबर २०२३ रोजी, आदल्या वर्षी १२ पैकी ११ सामने हरलेल्या कोलोरॅडोने फोर्ट वर्थमध्ये येऊन याच संघाला ४५-४२ ने हरवलं.

त्या निकालात दुसरा धडाही आहे: संघात उरलंय कोण? टेक्सास ख्रिश्चनचा क्वार्टरबॅक मॅक्स डग्गन आणि त्याचे पास झेलणारा मुख्य रिसीव्हर क्वेंटिन जॉन्स्टन दोघेही एनएफएलला गेले होते. कोलोरॅडोकडे नवे प्रशिक्षक डिऑन सँडर्स आले होते आणि त्यांनी ८० हून जास्त नवे खेळाडू आणले होते. अशा संघाची गेल्या वर्षीची आकडेवारी कागदावर असते, पण ती दुसऱ्याच संघाची असते. कोलोरॅडोच्या क्वार्टरबॅकने, शेडूर सँडर्सने, त्या दिवशी ५१० यार्ड पास फेकले.

हा बदल अलीकडचा आहे. २०१८ च्या ऑक्टोबरात विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंद ठेवणारं ट्रान्सफर पोर्टल सुरू झालं आणि २०२१ पासून खेळाडूला एकदा विद्यापीठ बदलून लगेच खेळण्याची मुभा मिळाली. २०२४ पासून तर अभ्यासाच्या अटी पाळणाऱ्याला कितीही वेळा बदलता येतं. पूर्वी ‘किती खेळाडू परत आले’ एवढं मोजलं की भागायचं. आता ‘परतलेली कामगिरी’ मोजावी लागते: गेल्या वर्षी फेकलेल्या, धावलेल्या आणि झेललेल्या यार्डांपैकी, केलेल्या टॅकलपैकी (चेंडू घेऊन धावणाऱ्याला पाडणं) किती टक्के या वर्षीच्या संघातल्या खेळाडूंच्या नावावर आहेत. दुसऱ्या विद्यापीठातून आलेल्याची तिथली कामगिरीही त्यात धरतात. सगळ्या जागांना सारखं वजन देऊ नये. क्वार्टरबॅकची जागा सर्वांत महत्त्वाची, आणि त्यानंतर आमच्या मते आक्रमक फळीतले, क्वार्टरबॅकचं रक्षण करणारे पाच लाइनमन. या पाच जणांनी एकत्र घेतलेल्या स्नॅपची, म्हणजे एकत्र खेळलेल्या चालींची, संख्या बघावी. समोरचा बचावपटू जागा बदलून आला, तर त्याला कोणी अडवायचं हे क्षणार्धात, बहुतेकदा न बोलता ठरतं. नव्या पाच जणांत तिथेच घोटाळा होतो, दोघे एकाला अडवतात आणि तिसरा मोकळा सुटतो. फळीचा हा घोटाळा धावफलकावर दिसत नाही, तिथे ‘क्वार्टरबॅक पाडला गेला’ एवढीच नोंद होते.

आता हे सगळं एका आकड्यात बसवू. एकक असं घ्या: देशातल्या सरासरी संघापेक्षा किती गुणांनी सरस. आपला संघ गेल्या वर्षी १२ गुणांनी सरस होता आणि त्या विद्यापीठाची गेल्या चार वर्षांची सरासरी ६ आहे असं समजा. मोसमाच्या सुरुवातीला जुना आकडा सरासरीकडे एक तृतीयांश ओढण्याची पद्धत रूढ आहे, म्हणून १२ चे झाले १०. हा आकडा देशाच्या सरासरीकडे ओढू नये, त्या विद्यापीठाच्याच दीर्घकालीन सरासरीकडे ओढावा, कारण शाळकरी खेळाडूंची भरती, पैसा आणि सुविधा एका वर्षात बदलत नाहीत. क्वार्टरबॅक आणि तीन लाइनमन गेले आहेत, त्याचे ३ गुण वजा करू, उरले ७. हा कपातीचा आकडा जाणकाराच्या अंदाजाचाच असतो, त्यात अचूकतेचा आव आणू नये. प्रतिस्पर्ध्याचा असाच हिशेब करून त्याचा आकडा १ आला. सामना त्यांच्या मैदानावर आहे, म्हणून यजमानपणाचे अडीच गुण त्यांना. तटस्थ मैदान असेल तर हे अडीच गुण सोडून द्यावेत. सात वजा एक वजा अडीच, म्हणजे साडेतीन गुणांनी आपण सरस.

हा आकडा विजयाची खात्री देत नाही. कॉलेज फुटबॉलमध्ये अंदाज आणि प्रत्यक्ष गुणफरक यांतल्या तफावतीचं प्रमाण विचलन (अंदाज सहसा किती गुणांनी चुकतो याचं माप) साधारण १५ ते १६ गुण असतं. १६ धरलं तर साडेतीन गुणांची आघाडी म्हणजे विजयाची शक्यता ५९ टक्के. ७ गुणांची असेल तर ६७, १४ ची असेल तर ८१, २१ ची असेल तर ९० टक्के. कोलोरॅडो सुमारे २०-२१ गुणांनी मागे धरला गेला होता. म्हणजे त्याला दहात एक संधी होती. एकाच शनिवारी असे दहा सामने असतील, तर त्यांतल्या एखाद्यात बलाढ्य संघ हरणार हे गृहीतच धरायला हवं. कुठला, ते आधी सांगता येत नाही.

काही गोष्टी मात्र ही अनिश्चितता आणखी वाढवतात, आणि त्या आधी दिसतात. त्यांतली सर्वांत मोठी म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या चित्रफिती उपलब्ध नसणं. फ्लोरिडा स्टेटने २०२५ मध्ये आक्रमणाची सूत्रं गस माल्झान यांच्याकडे दिली होती, बचावालाही नवा कोऑर्डिनेटर (डावपेच ठरवणारा प्रशिक्षक) होता आणि क्वार्टरबॅक टॉमी कॅस्टेलानोस बोस्टन कॉलेजमधून आला होता. अलाबामाच्या टाय सिम्पसनचा सुरुवातीपासून खेळण्याचा तो पहिलाच सामना होता. अशा वेळी दोन्ही बाजूंनी तयारी अंदाजाने करावी लागते, आणि एखादी चाल चालली तर तिचा तोड मध्यंतरापर्यंत सापडत नाही. फ्लोरिडा स्टेट त्या दिवशी धावूनच २३० यार्ड पुढे गेली. कोऑर्डिनेटर आणि क्वार्टरबॅक दोन्ही नवे असतील, तर गुणांचा अंदाज बदलू नये, पण त्याभोवतीची तफावत १६ ऐवजी १७-१८ धरावी. कमकुवत संघाला याचा फायदाच होतो.

दुसरी गोष्ट शरीराची. ऑगस्टअखेर दक्षिणेत ऊन आणि दमट हवा दोन्ही असतात. उष्णतेशी जुळवून घ्यायला शरीराला १० ते १४ दिवस लागतात: रक्तातलं द्रव वाढतं, घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून मीठ कमी जातं. म्हणून सरावाचे पहिले दिवस फक्त हेल्मेट घालून, मग खांद्यांची पॅड चढवून आणि शेवटी पूर्ण साज चढवून घेतले जातात. डोक्याच्या दुखापती कमी व्हाव्यात म्हणून पूर्ण टॅकलच्या सरावावरही मर्यादा आहेत, आणि त्या योग्यच आहेत. परिणाम असा की खऱ्या वेगाने धावणाऱ्याला जमिनीवर पाडण्याची सवय पहिल्या सामन्यात अपुरी असते. हात लागतात, पण माणूस पडत नाही. चौथ्या, म्हणजे शेवटच्या, सत्रात पोटऱ्यांत गोळे येऊ लागले की बदली खेळाडू किती चांगले आहेत यावर सामना ठरतो. वरच्या गटातल्या मोठ्या विद्यापीठांना वर्षानुवर्षं ८५ शिष्यवृत्त्या देता येत होत्या, खालच्या एफसीएस गटाला ६३. सुरुवातीचे ११ तुल्यबळ असले तरी मागचे नसतात, म्हणून खालच्या गटातला संघ तिसऱ्या सत्रापर्यंत झुंजतो आणि मग गळतो.

अ‍ॅपलाचियन स्टेट गळली नाही. १ सप्टेंबर २००७ रोजी खालच्या गटातल्या या संघाने मिशिगनला, त्याच्याच लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर, ३४-३२ असं हरवलं. देशात पाचव्या क्रमांकावर असलेल्या मिशिगनची शेवटच्या सेकंदांतली ३७ यार्डांची किक कोरी लिंचने अडवली. स्पेशल टीम, म्हणजे किक मारणारे आणि अडवणारे गट, सलामीला का घात करतात याचं हे उदाहरण आहे: मुख्य खेळाडूंचा सराव आधी होतो, किकच्या वेळच्या अडवणुकीला उरलेला वेळ मिळतो आणि त्यात नवखे जास्त असतात. शिवाय अ‍ॅपलाचियन स्टेट सलग दोन वर्षं आपल्या गटाची विजेती होती. खेळाडू मैदानभर पसरवून केलेल्या तिच्या आक्रमणापुढे मिशिगनचा बचाव कोलमडला हा योगायोग नव्हता. पुढच्याच आठवड्यात तशाच पद्धतीने खेळणाऱ्या ओरेगनने मिशिगनला ३९-७ ने लोळवलं.

म्हणजे सलामीचा निकाल अर्थहीनही नसतो. त्याला किती वजन द्यायचं, एवढाच प्रश्न आहे, आणि त्याचंही गणित आहे. मोसमाआधी एका संघाच्या ताकदीच्या अंदाजात ७ गुणांची प्रमाण चूक धरू, आणि एका सामन्यातल्या निव्वळ चढउताराची १३. वर्ग केले तर ४९, ४९ आणि १६९. बेरीज २६७, वर्गमूळ सुमारे १६, म्हणजे वर वापरलेलाच आकडा. या २६७ मधला एका संघाचा वाटा ४९, जवळपास १८ टक्के. म्हणून अपेक्षेपेक्षा जितका फरक पडला, त्याच्या १८ टक्के एवढाच त्या संघाचा आकडा हलवायचा. अलाबामा १३ ने जिंकायची ती १४ ने हरली, फरक २७ गुणांचा. म्हणजे तिचा आकडा सुमारे ५ गुणांनी खाली आणि फ्लोरिडा स्टेटचा तेवढाच वर. पाच गुण ही लहान गोष्ट नाही, पण त्याने बलाढ्य संघ सामान्य होत नाही. कोलोरॅडोचा आकडा असाच साधारण चार गुणांनी वर जायला हवा होता. लोकांनी त्याला थेट विजेतेपदाच्या चर्चेत बसवलं, आणि मोसम संपला ४ विजय, ८ पराभवांवर. टेक्सास ख्रिश्चनलाही मग ५ च विजय मिळाले.

सामना बघताना टिपायचं काय? टर्नओव्हर आणि लांब पल्ल्याचे दोन-तीन टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेणं) बाजूला ठेवून यशस्वी चालींचं प्रमाण मोजावं. पहिल्या डाउनला (दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी पहिल्याला) हव्या असलेल्या यार्डांपैकी निम्मे, दुसऱ्याला ७० टक्के, तिसऱ्या-चौथ्याला पूर्ण यार्ड मिळाले तर ती चाल यशस्वी. चौथ्या सत्रात तीन टचडाउनांहून मोठी आघाडी झाली की मोजणं थांबवावं, कारण तेव्हा मैदानावर राखीव खेळाडू असतात आणि दोन्ही प्रशिक्षक घड्याळाकडे बघत खेळवतात. हरलेल्या संघाचं हे प्रमाण जिंकलेल्यापेक्षा जास्त निघालं, तर पुढच्या शनिवारचा त्याचा आकडा १८ टक्क्यांच्या हिशेबापेक्षाही कमी खाली आणावा.