शिल्लक गेम-कीचे वाटप

संगणकावरचा गेम सुरू करून देणारा डिजिटल कोड स्वतःला नको असेल किंवा एकाऐवजी दोन हाती आले असतील, तर तो ऑनलाइन समुदायातल्या दुसऱ्या खेळाडूला विनामोबदला देण्याची प्रथा. खेळाडू या कोडला ‘की’ म्हणतात आणि वाटपाला ‘गिव्हअवे’. देणारा आणि घेणारा बहुधा एकमेकांना ओळखत नाहीत. भेट पोहोचली, वापरली गेली, की विकली गेली, हेही देणाऱ्याला सहजी कळत नाही. अशा व्यवहारात विश्वास ठेवायचा कशाच्या आधारावर, हा या प्रथेतला मुख्य प्रश्न आहे आणि तिचे जवळजवळ सगळे नियम या प्रश्नाशी झगडतानाच तयार झाले आहेत.

कोड आणि त्याचा स्वभाव

व्हॉल्व्ह कंपनीने 2003 साली सुरू केलेले स्टीम हे संगणक-गेमचे ऑनलाइन दुकान या वाटपाचे मुख्य क्षेत्र. स्टीमचा नेहमीचा कोड रोमन अक्षरे व अंक मिळून पंधरा चिन्हांचा असतो. पाच-पाच चिन्हांचे तीन गट आणि मध्ये आडवी रेघ. तो स्टीमच्या खिडकीत टाकून अटी मान्य केल्या की काही सेकंदांत गेम खात्याच्या लायब्ररीत येतो आणि कोड कायमचा निकामी होतो. तोपर्यंत मात्र तो कुणाच्याच नावावर नसतो. वाटेत पडलेल्या नोटेसारखा, ज्याने आधी उचलला त्याचा.

यातून दोन अडचणी उद्भवतात. कोड चालतो का, हे वापरल्याशिवाय तपासता येत नाही. देणाऱ्याने चुकून आधीच वापरलेला कोड दिला, तर घेणाऱ्याला ‘हा कोड वापरला गेला आहे’ एवढेच दिसते आणि खोटे कोण बोलतो आहे हे कुणालाच सांगता येत नाही. दुसरे असे, की थोड्या वेळात बरेच चुकीचे किंवा वापरलेले कोड टाकले तर स्टीम त्या खात्याला काही काळ नवा कोड टाकू देत नाही. तो गेम खात्यात आधीपासूनच असेल तर मात्र स्टीम तसे सांगते आणि कोड खर्ची पडत नाही. काही कोड ठरावीक प्रदेशापुरतेच चालतात, काही मूळ गेम असल्याशिवाय उपयोगाचे नसतात. जाणते देणारे या गोष्टी आधीच लिहून टाकतात.

शिल्लक येते कुठून

जास्तीची प्रत दुसऱ्याला देता येण्याचे एक ठळक जुने उदाहरण 2007 सालचे. ‘द ऑरेंज बॉक्स’ हा व्हॉल्व्हचा संच घेणाऱ्या अनेकांकडे त्यातले ‘हाफ-लाइफ 2’ आणि ‘एपिसोड वन’ आधीपासून होते. व्हॉल्व्हने या दुहेरी प्रती मित्रांना भेट देण्याची सोय केली.

खरा पूर आला तो बंडलांमुळे, म्हणजे अनेक गेम एकत्र विकणाऱ्या स्वस्त संचांमुळे. मे 2010मध्ये वुल्फायर गेम्सने ‘हंबल इंडी बंडल’ काढले. किंमत ग्राहकाने ठरवायची आणि ती रक्कम गेमकर्ते व धर्मादाय संस्था यांच्यात कशी वाटायची हेही त्यानेच सांगायचे. त्यात बारा लाख डॉलरांहून अधिक रक्कम जमा झाली. मग फॅनॅटिकल, इंडीगाला यांसारख्या विक्रेत्यांचीही बंडले आली. बंडलात आठ-दहा गेम असतात. हवे असतात दोन-तीन आणि त्यांतला एखादा आधीच घेतलेला असतो. उरलेल्या कोडांचे करायचे काय, या साध्या पेचातून वाटपाची सवय वाढली. मासिक वर्गणीच्या योजनांनी, विशेषतः 2015 सालच्या ‘हंबल मंथली’ने आणि 2019च्या अखेरीस तिची जागा घेणाऱ्या ‘हंबल चॉइस’ने, दर महिन्याला नवी शिल्लक निर्माण केली. ग्राफिक्स कार्डासोबत मिळणारे प्रचारातले कोडही यात येतात.

बंडले इतकी स्वस्त असण्यामागे एक व्यावसायिक कारण आहे. गेमकर्त्याला स्टीमकडून कोड विनाशुल्क मागवता येतात आणि ते इतरत्र विकले तर स्टीम त्यातून आपला नेहमीचा हिस्सा घेत नाही. या सवलतीचा गैरवापर वाढल्यावर 2017मध्ये व्हॉल्व्हने मोठ्या संख्येने कोड मागणाऱ्यांची छाननी कडक केली.

त्याच वर्षी मे महिन्यात आणखी एक बदल झाला. तोवर स्टीमवर गेमची भेट-प्रत विकत घेऊन आपल्या साठ्यात ठेवता येत असे आणि हवी तेव्हा कुणालाही देता येत असे. ही सोय बंद झाली. आता भेट थेट मित्रयादीतल्या व्यक्तीलाच पाठवावी लागते, आणि दोन देशांतल्या किमतींत फार तफावत असेल तर तीही जात नाही. त्यामुळे जवळ राखून ठेवता येईल आणि अनोळखी माणसाला देता येईल अशी भेट म्हणून मुख्यतः कोडच उरला.

देण्याच्या रीती

सर्वांत सोपी रीत म्हणजे कोड उघड्यावर टाकणे आणि जो आधी घेईल त्याला तो मिळू देणे. पण पाने चाळत फिरणारे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, असा कोड माणसाची नजर पोहोचण्याआधीच उचलतात. म्हणून देणारे एखादे चिन्ह झाकतात आणि त्या जागी ‘आठवड्यात जितके दिवस’ किंवा ‘कोळ्याच्या पायांइतका’ असे काही लिहितात. कुणी कोड हाताने कागदावर लिहून त्याचा फोटो लावतात. या रीतीत एकच शिष्टाचार पाळायचा असतो आणि तोच सर्वाधिक मोडला जातो : घेतल्यावर ‘मी घेतला’ असे सांगणे. हा आभाराचा उपचार नव्हे. कुणी बोलले नाही, तर मागून आलेले लोक तोच मेलेला कोड टाकत राहतात आणि त्यांची खाती तात्पुरती अडतात.

दुसरी रीत सोडतीची. स्टीमगिफ्ट्स हे संकेतस्थळ त्यासाठी विशेष ओळखले जाते. तिथे सदस्याला वेळेगणिक गुण मिळतात; ज्या गेमची स्टीमवर किंमत वीस डॉलर, त्याच्या सोडतीत नाव घालायला वीस गुण खर्च होतात. गुणांच्या साठ्याला कमाल मर्यादा असल्याने प्रत्येक ठिकाणी नाव घालणे शक्य होत नाही आणि ज्याला गेम खरोखर हवा आहे त्याला थोडी निवड करावी लागते. सदस्यत्व स्टीम खात्याला जोडलेले असते, त्यामुळे आधीच असलेल्या गेमच्या सोडतीत भाग घेता येत नाही. जिंकलेला गेम स्वतःच्याच खात्यात चालू करावा लागतो. तो विकणे, बदल्यात देणे किंवा तिसऱ्याला देणे नियमबाह्य. विजेत्याने भेट पोहोचल्याची खूण करायची असते आणि मिळालीच नाही तर तशीही नोंद करता येते. आजवर दिलेल्या भेटींवरून सदस्याची पातळी ठरते आणि वरच्या पातळीसाठी राखीव सोडती ठेवता येतात. नुसते घेणारे आणि देणारेही यांच्यात भेद करण्याचा हा मार्ग आहे. नव्या, हातात पैसे नसलेल्या खेळाडूला त्याचा जाच होतो हे खरे. पण अशा पातळ्या नसत्या तर केवळ घेण्यासाठी उघडलेल्या खात्यांनी सगळ्या सोडती भरून गेल्या असत्या.

सोडतीभोवती खेळाडूंनी स्वतःचीच एक छोटी संस्कृती रचली आहे आणि या प्रथेचा सर्वांत आनंदाचा भाग तोच. ‘ट्रेन’ म्हणजे एकमेकींना जोडलेल्या सोडतींची रांग : पहिलीच्या वर्णनात दुसरीचा दुवा, दुसरीत तिसरीचा, अशी ती डब्याडब्याने पुढे जाते. काही देणारे सोडतीचे पान यादीत दाखवत नाहीत. त्याच्या पत्त्यातला पाच चिन्हांचा संकेत कोड्यात दडवतात. कोडे कधी तुकडे जुळवायच्या चित्राचे असते आणि चित्र पूर्ण झाल्यावर संकेत प्रकट होतो, तर कधी मजकुरातल्या ठळक अक्षरे जुळवावी लागतात. मूळ गेम अगदी किरकोळ असला तरी दिवसभर डोके लावून तिथवर पोहोचलेल्या माणसांमध्येच ती सोडत होते. बॉटपासून बचाव हा यातला लाभ. खरा हेतू म्हणजे देण्यालाच खेळ करणे. सदस्यत्वाच्या वाढदिवशी, म्हणजे ‘केक डे’ला, आपणच इतरांना काही देण्याची पद्धतही रूढ आहे.

तिसरी रीत मागण्याची. रेडिट या चर्चा-संकेतस्थळावरील ‘गिफ्ट ऑफ गेम्स’सारख्या समुदायांत एखादा विशिष्ट गेम मागता येतो. तिथे खाते किती जुने आहे आणि त्याचा वावर कसा आहे हे पाहिले जाते. देणारे पुष्कळदा मागणाऱ्याचे स्टीमवरचे सार्वजनिक पान उघडून, आधी मिळालेले गेम खरोखर खेळले का, हे तपासतात. कुणी मागणीत दोन ओळींत कारण लिहितो, कुणी नुसते गेमचे नाव टाकतो; पहिल्याला प्रतिसाद मिळण्याची शक्यता जास्त.

गेमकर्ते स्वतःही कोड वाटतात. त्यामागे परीक्षणे मिळवण्याचा हेतू असेल असा संशय घेतला जातो, पण सप्टेंबर 2016पासून बाहेरच्या कोडने गेम चालू केलेल्यांची परीक्षणे स्टीमच्या एकूण गुणांकनात धरली जात नाहीत. तरीही लहान गेमकर्ते देत राहतात, कारण न खेळला गेलेला गेम त्यांना विक्री न झालेल्या गेमपेक्षा जास्त सलतो.

गैरवापर

भेटीचे कोड गोळा करून विकणे हा सर्वांत जुना आजार. डिसेंबर 2011मध्ये स्टीमच्या सुट्टीतल्या सोडतीत जिंकण्याची शक्यता वाढावी म्हणून काहींनी एका सेंटला एक अशी हंबल बंडले घेऊन ढिगाने खाती उघडली. त्यानंतर स्टीम कोडसाठी किमान एक डॉलर देण्याची अट आली. जून 2013मध्ये स्टीमवर ट्रेडिंग कार्डे, म्हणजे गेम खेळताना खात्यात जमा होणारी आभासी कार्डे, सुरू झाली. गेम नुसता चालू ठेवला तरी कार्डे मिळत आणि ती विकता येत, म्हणून फुकट कोड मिळवणाऱ्या बॉट-खात्यांची पैदास झाली. काही गेमकर्त्यांनी केवळ यासाठी निकृष्ट गेम बनवून हजारो कोड वाटले. 2017मध्ये व्हॉल्व्हने खऱ्या खेळाडूंचा पुरेसा वावर दिसल्याशिवाय कार्डे देणे थांबवले, तेव्हा हा धंदा मंदावला. त्या काळातल्या वाटपाचा मोठा भाग या प्रथेत मोजूच नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तिथे देणाराही खेळाडू नव्हता आणि घेणाराही.

कोडांच्या दुय्यम बाजाराशीही समुदायांना सतत झुंजावे लागते. ‘फॅक्टोरिओ’ गेमच्या निर्मात्यांनी, वूब सॉफ्टवेअरने, केलेल्या तक्रारीनंतर जीटूए या बाजारपेठेने 2020मध्ये आपल्याकडे त्या गेमचे चोरीचे 198 कोड विकले गेल्याचे मान्य केले आणि 39,600 डॉलर भरपाई दिली. चोरीच्या क्रेडिट कार्डाने घेतलेला कोड पुढे रद्द होऊ शकतो आणि वापरलेला गेम लायब्ररीतून नाहीसा होतो. जानेवारी 2015मध्ये युबिसॉफ्ट या गेम-कंपनीने अनधिकृत विक्रेत्यांकडून गेलेले कोड असेच रद्द केले होते. प्रामाणिकपणे पैसे मोजलेल्यांचे गेमही त्यात गेले. भेट म्हणून असा कोड गेला तर देणाऱ्याची नियत साफ असूनही त्याच्यावर बालंट येते. म्हणून कोड कुठून घेतला हे विचारणे असभ्य मानले जात नाही.

खोटी वाटपे वेगळीच. ‘तुम्ही गेम जिंकलात’ असा निरोप येतो, दुवा उघडला की स्टीमसारखी हुबेहूब दिसणारी खिडकी नाव आणि पासवर्ड मागते, आणि ते लिहिताच खाते हातचे जाते. कोड देणाऱ्याला घेणाऱ्याचा पासवर्ड, मोबाइलवर आलेला पडताळणी-अंक किंवा ‘पाठवणी खर्च’ यांपैकी काहीच लागत नाही. पंधरा चिन्हे निरोपातून पाठवली की काम होते. कोड ‘तयार करून देणारी’ सॉफ्टवेअरे सरसकट बनावट असतात.

कायदा आणि अटी

डिजिटल गेम विकत घेणारा मालक होत नाही. त्याला वापराचा परवाना मिळतो. ऑक्टोबर 2024पासून स्टीम हे खरेदीच्या पानावरच सांगते. खात्यात चालू केलेला गेम दुसऱ्या खात्यात हलवता येत नाही. फ्रान्समधील यूएफसी-क्यू श्वाझीर या ग्राहक संघटनेच्या दाव्यात पॅरिसच्या न्यायालयाने 2019मध्ये असे गेम पुन्हा विकण्याचा हक्क मान्य केला होता, पण 2022मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला. न वापरलेल्या कोडांबाबत बंडल-विक्रेत्यांच्या अटी वेगवेगळ्या आहेत. पुनर्विक्रीला सहसा मनाई असते. एखादा कोड कुणाला भेट देण्याकडे बहुधा कानाडोळा केला जातो आणि काही विक्रेते त्यासाठी स्वतंत्र भेट-दुवाही पुरवतात. हंबलचा असा दुवा पाठवला तर कोड देणाऱ्याच्याही नजरेस पडत नाही.

सद्यस्थिती

डिसेंबर 2018मध्ये सुरू झालेले एपिक गेम्स स्टोअर ठरावीक काळाने मोफत गेम देते, पण ते थेट खात्यात जमा होतात; पुढे देण्यासारखे हाती काही उरत नाही. स्टीमच्या कुटुंब-योजनेत सहा जणांना एकमेकांची लायब्ररी वापरता येते, त्यामुळे घरातल्या घरात दुसरी प्रत घेण्याची गरज घटली आहे. बंडलांतले कोड मात्र येतच आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच कोडांना आता वापराची अंतिम तारीख असते. बंडल घेऊन विसरलेले लोक ती तारीख जवळ आल्यावर जागे होतात आणि एकदम पाच-दहा कोड वाटायला काढतात. अशा वेळी तारीख शीर्षकातच लिहिण्याची पद्धत आहे. सोडतही चार-पाच दिवस आधी संपवावी लागते, कारण विजेत्याने निरोप वाचलाच नाही तर दुसरे नाव काढून त्याला कोड वापरता येईल इतका अवधी उरला पाहिजे.