दुर्बिणीने खडा काढला की किडनी जाते?

यवतमाळ-वाशीमकडच्या गावांत एक समज वर्षानुवर्षं फिरतो आहे: मुतखडा दुर्बिणीने काढला की किडनी कायमची कमजोर होते. हे खरं नाही. मूत्रनळीतला खडा लघवीच्या वाटेनेच दुर्बीण घालून लेझरने फोडतात, अंगावर चिराही पडत नाही. किडनीतला 2 सेंटिमीटरपेक्षा मोठा खडा बहुतेकदा पाठीतल्या जेमतेम 1 सेंटिमीटरच्या छिद्रातून निघतो. किडनीची खरी नासाडी करतो तो वाट अडवून महिनोन्‌महिने बसलेला खडा. कळ थांबली म्हणजे खडा पडलाच असं नसतं. सोनोग्राफी करून घ्यावी.

मग हा समज आला कुठून? माझ्या मते स्टेंटमुळे. ऑपरेशननंतर अनेकदा किडनीपासून मूत्राशयापर्यंत एक मऊ नळी काही दिवस ठेवतात. ती आत असेपर्यंत लघवीला जळजळ, कमरेत दुखणं, कधी लालसर लघवी. माणूस घाबरतो, किडनी गेली म्हणतो. नळी काढली की हा त्रास थांबतो.

पण ती काढायलाच हवी! कापूस वेचणीच्या घाईत तारीख राहून गेली, तर त्या नळीवरच खडे चढतात आणि किडनीला खरोखर धोका होतो. डिस्चार्ज कार्डावरची ती तारीख घरातल्या दोघांना तरी सांगून ठेवा. थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.