दिल्ली दरबारातली पाठ: एका बडोदेकर आठवणीची पार्श्वभूमी

बडोद्यातल्या दांडिया बाजाराच्या बाजूच्या एका गणेशमंडळात काही वर्षांपूर्वी मुलांचा छोटा नाट्यप्रवेश झाला. प्लास्टिकच्या खुर्चीला सोनेरी कागद चिकटवून सिंहासन केलं होतं. त्यावर सहावी-सातवीतला पंचम जॉर्ज बसला होता. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड झालेला मुलगा त्याच्याहून लहान, डोक्यावर भाड्याची पगडी, हातात आजोबांची काठी. तो सिंहासनापाशी आला, मान ताठ ठेवून क्षणभर उभा राहिला आणि गर्रकन वळून आमच्याकडे तोंड करून चालू लागला. मंडप टाळ्यांनी दणाणला. माझ्या शेजारी बसलेल्या आजींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. टाळ्या मीही वाजवल्या.

बडोद्याच्या मराठी घरांत ही गोष्ट अशीच सांगितली जाते: बादशहाला मुजरा न करता, त्याला पाठ दाखवून महाराज दरबारातून निघून आले. गोष्ट पूर्ण खोटी नाही. पण तिच्यातून दोन गोष्टी गळाल्या आहेत, एक नमस्कार आणि एक पत्र.

दरबार १२ डिसेंबर १९११ चा, पंचम जॉर्जच्या राज्याभिषेकानिमित्त दिल्लीत भरलेला. सांगणारे पुष्कळदा तो आधीच्या व्हाइसरॉय कर्झनच्या काळात नेऊन ठेवतात. दिल्लीत असे तीन दरबार झाले, १८७७, १९०३ आणि १९११ मध्ये, आणि इंग्लंडचा राजा स्वतः हजर होता तो फक्त तिसऱ्याला. पहिल्या दरबाराच्या वेळी सयाजीराव चौदा वर्षांचेही नव्हते. त्याच वर्षी त्यांना ‘फर्जंद-इ-खास-इ-दौलत-इ-इंग्लिशिया’ हा किताब मिळाला, म्हणजे इंग्रज सरकारचा खास पुत्र. पुढे तो ‘सेनाखासखेल समशेर बहादूर’ या जुन्या मराठेशाही पदव्यांच्या मालिकेत जाऊन बसला. एकाच नावात पेशवाईच्या काळातली सनद आणि राणीची मेहेरबानी, असं ते प्रकरण होतं. १९११ समजून घ्यायचं तर हे नाव डोळ्यांसमोर हवं.

त्या दिवशी प्रत्येक संस्थानिकाने पूर्ण इतमामात, दागदागिन्यांसह पुढे यायचं, तीनदा वाकून नमस्कार करायचा आणि राजाकडे तोंड ठेवूनच सात पावलं मागे जायचं, असा रिवाज ठरला होता. मानाच्या क्रमात पहिला निजाम, दुसरे गायकवाड. सयाजीराव साध्या पांढऱ्या पोशाखात, हातात काठी घेऊन आले. एकदा वाकले. काही पावलं मागे सरकले आणि मग वळून चालत गेले.

म्हणजे नमस्कार झाला होता. तीनाऐवजी एक, पण झाला होता. नाटकातल्या मुलाच्या वाट्याला तो एकही आला नाही.

या प्रसंगाला ‘पाठ’ हा शब्द कुठून चिकटला, याचं मला फार दिवस कुतूहल होतं. मराठीत पाठ दाखवणं म्हणजे पळ काढणं. रणात पाठ दाखवणाऱ्याला आपल्याकडे कोणी ओवाळत नाही. पाठ फिरवणं म्हणजे संबंध तोडणं, पाठ देणं म्हणजे आसरा देणं, पाठीशी उभं राहणं म्हणजे साथ करणं. एवढी सगळी रूपं असलेल्या भाषेत पाठ दाखवणं हे शौर्य ठरतं ते बहुधा या एकाच गोष्टीत. माझं मत असं की ही मुळात आपली गोष्टच नाही, ती विलायतेहून आलेली आहे. ‘गायकवाडांनी सम्राटाकडे पाठ केली’ हा तिथल्या वर्तमानपत्रांनी ठेवलेला आरोप होता. इंग्रजी दरबारी शिष्टाचारात राजाकडे पाठ करणं हा गुन्हा, म्हणून तिथे चर्चा पाठीची झाली. दरबाराचं चित्रीकरण झालेलं होतं. ते मूकपट विलायतेत पोचले, तेव्हा हेच दृश्य पाहायला म्हणून लोक तिकीट काढून गेले आणि चित्रपट कंपन्यांनीही त्याच दृश्याची जाहिरात केली. फिर्यादीने लिहिलेलं आरोपपत्र आपण उचललं आणि मानपत्र म्हणून भिंतीवर लावलं. शब्द त्याचेच ठेवले.

आता पत्राकडे. दरबारानंतर काही दिवसांतच सयाजीरावांनी व्हाइसरॉयला पत्र लिहिलं आणि ते वर्तमानपत्रांत छापूनही आलं. त्यात राजनिष्ठेची ग्वाही आहे, शिष्टाचारात चूक झाल्याचा खेद आहे आणि कारणं आहेत: एवढ्या मोठ्या समुदायापुढे आपण गोंधळलो, आपल्याआधी एकटे निजामच गेले असल्याने इतरांचं पाहून शिकायची संधी मिळाली नाही, आणि वळलो ते कोणत्या वाटेने जायचं हे विचारण्यासाठी.

या पत्राला म्हणायचं काय? माफीनामा, दिलगिरी की खुलासा? मी लहान असताना आमच्या घरी आलेल्या दोन वयस्कर पाहुण्यांमध्ये यावरून झालेला वाद अजून आठवतो. एक जण म्हणत होते, खुलासा आहे, कारण त्यात कारणं दिली आहेत. दुसरे म्हणाले, जो खुलासा मागूनच घेतला जातो आणि मग छापला जातो, त्याला माफीनामाच म्हणतात. चहा गार झाला. आईने दोघांना पुन्हा करून दिला, तोही गार झाला. त्यांच्यातल्या एकालाही पत्र नव्हतंच असं म्हणावंसं वाटलं नाही. आजच्या व्हॉट्सअॅपवरच्या गोष्टीत ते नसतंच.

मी स्वतः त्याला दिलगिरीचं पत्र म्हणतो, आणि तसं म्हटल्याने महाराज लहान होतात असं मला वाटत नाही. त्या वेळच्या काही राष्ट्रवादी मंडळींना मात्र तसं वाटलं. वळण्याने त्यांच्या मनात उंच गेलेले सयाजीराव पत्राने खाली आले. हा राग समजण्यासारखा आहे. पण तो ज्यांच्यावर होता त्यांच्या गादीचा इतिहास पाहिला म्हणजे पत्र वेगळं वाचता येतं.

पिलाजीराव, दमाजीराव, पहिल्या-दुसऱ्या सयाजीरावांचा काळ इथे सोडून देतो. या पत्राचं मूळ १८७४-७५ मध्ये आहे. मल्हारराव गायकवाड गादीवर होते. नोव्हेंबर १८७४ मध्ये बडोद्याच्या रेसिडेंटने, म्हणजे दरबारी नेमलेल्या इंग्रज सरकारच्या प्रतिनिधीने, आपल्या सरबतात विष घातल्याची तक्रार केली. संशय महाराजांवर गेला, त्यांना अटक झाली आणि सहा जणांचा आयोग बसला: तीन इंग्रज आणि तीन हिंदी, ज्यांत ग्वाल्हेर आणि जयपूरचे राजेही होते. महाराजांच्या बाजूने लढायला लंडनहून नामांकित बॅरिस्टर आला. निकाल तीन विरुद्ध तीन असा फुटला. इंग्रज सभासदांच्या मते आरोप सिद्ध झाला, हिंदी सभासदांच्या मते झाला नाही.

इथेही लोकांची आठवण चुकीची आहे. ‘रेसिडेंटला विष घातलं म्हणून मल्हाररावांना काढलं’ असं शिकलेली माणसंही सांगतात. एप्रिल १८७५ मध्ये सरकारने त्यांना पदच्युत केलं ते गैरकारभार आणि गैरवर्तन हे कारण दाखवून. विषप्रयोगाच्या आरोपावर आयोगाचं एकमत झालं नव्हतं, म्हणून तो बाजूला ठेवण्यात आला. मल्हाररावांची रवानगी मद्रासला झाली आणि तिथेच १८८२ मध्ये ते वारले. त्यांचा कारभार चांगला होता असं कोणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण गुन्हा सिद्ध न होताही हिंदुस्थानातल्या पहिल्या दोन-तीन संस्थानांपैकी एकाचा राजा गादीवरून उतरवता येतो, हे त्या वर्षी सगळ्यांनी पाहिलं.

१८७५ च्याच मे महिन्यात नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळराव दत्तक घेतला गेला आणि सयाजीराव झाला. ‘कशाला आलास?’ असं विचारल्यावर ‘राज्य करायला’ म्हणाला, ही आख्यायिका प्रत्येक बडोदेकराला पाठ आहे. तो कोणाच्या रिकाम्या केलेल्या जागेवर राज्य करायला आला, हे त्या आख्यायिकेत येत नाही. सयाजीरावांना ते आयुष्यभर ठाऊक होतं.

१९११ येईपर्यंत त्यांच्याबद्दल सरकारदरबारी संशय साचत गेला होता. संस्थानिकांनी परदेशी जाण्याआधी परवानगी घ्यावी, या १९०० सालच्या परिपत्रकाने ते दुखावले होते. अरविंद घोष १८९३ पासून १९०६ पर्यंत बडोद्याच्या नोकरीत होते. पुढे ते बंगालच्या राजकारणात उतरले, तेव्हा बोट बडोद्याकडे दाखवलं गेलं. युरोपात महाराज कोणाकोणाला भेटतात याच्या नोंदी ठेवल्या जात होत्या. अशा माणसाने भर दरबारात तीनाऐवजी एकदा वाकावं, दागिने न घालता यावं आणि सात पावलांच्या आधीच वळावं, याला गोंधळ म्हणायला सरकार तयार नव्हतं. आपणही तयार नाही, कारण आपल्यालाही तो ठरवून केलेला अपमानच हवा आहे. या एका मुद्द्यावर व्हाइसरॉयचं आणि दांडिया बाजाराचं एकमत आहे.

ठरवून केलं की गोंधळून? मला वाटतं पोशाख ठरवलेला होता, वळणं नव्हतं. साधे कपडे सकाळी अंगावर चढवताना माणूस विचार करतो. वळण्याला एक क्षण लागतो. पुरावा याहून पुढे नेत नाही. पत्र मात्र पूर्ण विचाराने लिहिलेलं आहे, आणि ज्याने ते लिहिलं त्याला छत्तीस वर्षांपूर्वीचा तीन-तीनचा निकाल आणि त्यानंतरचं मद्रास आठवत असणार. गादी गेली असती तर शाळा, ग्रंथालयं, सगळंच कोणाच्या हाती गेलं असतं कोण जाणे.

नमस्कार आणि पत्र आठवणीतून कधी गळालं? माझ्या समजुतीप्रमाणे राज्य असेपर्यंत नाही. जुन्या लोकांना दोन्ही माहीत होतं, आमच्या दिवाणखान्यातला वाद त्याचा पुरावा. १ मे १९४९ ला बडोदा मुंबई राज्यात विलीन झालं, १९६० मध्ये गुजरातमध्ये आलं. सरकारवाड्याभोवतीचा मराठी माणूस राज्यकर्त्यांच्या भाषेचा होता, तो अल्पसंख्य झाला. मराठी शाळांचे वर्ग एकेक करून रिकामे होऊ लागले. नंतर शहराचं नावही सगळ्यांच्या तोंडी वडोदरा झालं. अशा वेळी जी गोष्ट दोन वाक्यांत सांगता येते आणि सांगताना छाती फुगते, ती टिकते. पत्र दोन वाक्यांत सांगता येत नाही.

अलीकडे तिला एक भावंडही मिळालं आहे: ‘लक्ष्मी विलास राजवाडा बकिंगहॅम पॅलेसच्या चौपट आहे’. बातम्यांत, पर्यटनाच्या पानांवर, कौटुंबिक ग्रुपवर हेच. सोबत आकडे असतात: लक्ष्मी विलास ३,०४,९२,००० चौरस फूट, बकिंगहॅम ८,२८,८२१. एकदा कागद घेऊन बसलो. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागलं तर चार येत नाहीत, जवळपास सदतीस येतात. मग एका एकरात ४३,५६० चौरस फूट असतात हे आठवलं. ४३,५६० गुणिले ७०० म्हणजे बरोबर ३,०४,९२,०००. शेवटच्या शून्यापर्यंत. राजवाड्याचा म्हणून फिरणारा आकडा इमारतीचा नाहीच. सातशे एकर आवाराचे कोणीतरी चौरस फूट केले आणि त्यांची तुलना बकिंगहॅमच्या इमारतीतल्या मजल्यांच्या क्षेत्रफळाशी लावून दिली. त्या आवारात झाडं आहेत, गोल्फचं मैदान आहे, संग्रहालय आहे. कोणीही पाचवीतला मुलगा हा भागाकार करू शकतो. पण केला जात नाही, कारण वाक्य आपल्याला आवडतं.

१८९० मध्ये पूर्ण झालेला तो वाडा तसाही अप्रतिम आहे. संध्याकाळी दगडावर ऊन पडतं तेव्हा रस्त्यावरून जाणारा माणूसही मान वळवतो. त्याच्यासाठी लंडनची फूटपट्टी कशाला लागते, याचं मला वाईट वाटतं. दरबाराच्या गोष्टीतही तेच. महाराजांची उंची मोजायला आपल्याला समोर इंग्लंडचा राजाच लागतो. १८९३ मध्ये अमरेलीच्या भागात सुरू करून १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणणारा आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या आईबापांना दंड करणारा राजा नाट्यप्रवेशात दिसत नाही. दंडाची पावती फाडणाऱ्या शिक्षकावर टाळ्या पडत नाहीत, हे खरं.

दरबारानंतर महाराज सत्तावीस वर्षं गादीवर राहिले. १९१९ मध्ये त्याच सरकारने त्यांना आणखी एक मोठा किताब दिला. १२ नोव्हेंबर १९३० ला लंडनमध्ये पहिल्या गोलमेज परिषदेचं उद्घाटन झालं. भाषण पंचम जॉर्जचं होतं. संस्थानिकांच्या प्रतिनिधींत सयाजीराव होते, आणि त्याच परिषदेत अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून डॉ. भीमराव आंबेडकर आले होते. दरबारानंतर दीड वर्षाने, १९१३ मध्ये, बडोद्याच्या खजिन्यातून दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन महाराजांनी त्यांना न्यूयॉर्कला शिकायला पाठवलं होतं.